गळ्यातलं मडकं आणि काळी रेघ

(नागपुरात तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेलं भाषण)



मला चित्रावर बोलायला उभं केलंय. मागून आत्ताच कुणीतरी म्हणालं, "चित्राबित्राचं काय घेऊन बसले भाऊ, नळाला पाणी नाही त्याच्यावर बोला." बरोबर आहे. पण ज्या व्यवस्थेने आपलं पाणी तोडलं तिनेच आपल्या गळ्यात मडकं बांधलं होतं, आणि त्या मडक्याचं चित्र आपल्या नागपूरच्या पोराने काढलंय.

सवी सावरकर. आडनाव ऐकून दचकू नका, हा दुसरा! जन्म १९६१ चा, नागपूरचा, बौद्ध घरातला. चित्रकला इथंच शिकला, मग बडोद्याला छापचित्रं शिकला, पुढे दिल्लीच्या कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकवलं. त्याने पेशवाईतला अस्पृश्य काढला. थुंकायला गळ्यात मडकं, पावलं पुसायला मागे झाडू. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त हे लिहून ठेवलंय. ते वाचलं की राग येतो. चित्रापुढे उभा राहिलो तेव्हा राग नंतर आला, आधी मान दुखली.

असं का झालं, तेवढंच मला बोलायचंय.

युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काही चित्रकारांनी ठरवलं, डोळ्याला दिसतं ते पुरे झालं, आत जे चाललंय ते काढू. त्यांना प्रतीकवादी म्हणतात. नॉर्वेचा एडवर्ड मुंक घ्या. त्याची १८९३ सालची 'किंकाळी'. पुलावर माणूस, कवटीसारखं तोंड, हात कानांवर, वर लाल-नारिंगी आभाळ आतड्यासारखं पिळवटलेलं. ते आभाळ म्हणजे त्याची भीती. रंगाने सांगितली, वाकड्या रेघेने सांगितली.

मुंकला आपल्या भीतीसाठी प्रतीक शोधावं लागलं. आपल्याला तीही तसदी नाही. आपलं प्रतीक दुसऱ्यांनीच घडवलं आणि आपल्या गळ्यात अडकवलं! सावरकरने तेच उचललं आणि त्यांच्या तोंडासमोर धरलं.

पण नुसतं मडकं काढून भागत नाही. शाळेच्या पुस्तकातही मडकं असतं, पाणवठ्यावरच्या बाईच्या डोक्यावर, गोडगोड. सावरकरची रेघ जाड, काळी, खरबरीत. अंगं वेडीवाकडी. तो एचिंग करायचा, ते कसं होतं ऐका. धातूच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यावर सुईने ओरखडायचं, मग पत्रा ॲसिडात बुडवायचा. जिथं मेण निघालं तिथला धातू ॲसिड खातं. जितका वेळ ठेवाल तितकी रेघ खोल. मग त्या जखमेत शाई भरायची आणि ओल्या कागदावर दाबून छाप घ्यायचा. सुईने नुसता ओरखडा काढला, रेघ केली ॲसिडाने. अपमान अंगात असाच उतरतो.

रंगाचंही तसंच. मला एका मास्तरांनी बजावलं होतं, "असले घाण विषय काढू नकोस, निसर्ग काढ." वर्षभर मी अंबाझरी तलाव काढला. निळाच निळा. तो निळा माझा नव्हताच. १९४२ साली याच शहरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभं राहिलं, त्याच्या झेंड्याचा निळा माझा. डबी तीच, ब्रश तोच, पण हात वेगळा चालतो.

आता आपल्यातलाच एक आक्षेप. "आपली माणसं अशी भुतासारखी का काढायची? बाबासाहेबांच्या सुटाबुटातल्या फोटोने आपल्याला ताठ उभं केलं, आणि हा पुन्हा मडकंच दाखवतो." हे मी उडवून लावत नाही. तो फोटो माझ्याही भिंतीवर आहे, राहील. पण आज सुटाबुटात हिंडणाऱ्या आपल्या कितीतरी पोरांच्या आत ते मडकं अजून लटकतंय. नोकरीच्या मुलाखतीत आडनाव विचारलं की ते हलतं. ते फोटोत कसं येणार?

त्या चित्राचा छापील कागद मी घरी नेला. माय बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "काऊन रे, हे मडकं रिकामं हाय का भरलेलं?"

मी म्हटलं, ते काही चित्रात दिसत नाही.

"दिसते ना," ती म्हणाली. "त्याच्या मानेकडं पाह्य."