उपनगराची वाढ आणि नागरी सेवा : के. आर. पुरमचे उदाहरण

एखाद्या गावाचे नगर होते तेव्हा नकाशात कोणता बदल होतो, हे सर्वांस दिसते; परंतु नकाशावरील बदल आणि घराघरात पोहोचणारे पाणी यांत किती वर्षांचे अंतर पडते, याकडे सहसा लक्ष जात नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हे अंतर हाच आहे. बंगळूरच्या पूर्वेस जुन्या मद्रास रस्त्यावर वसलेले कृष्णराजपुरम, म्हणजेच के. आर. पुरम, हे त्यासाठी उत्तम उदाहरण ठरेल. कारण ज्या क्रमाने या वस्तीची वाढ झाली, त्याच क्रमाने भारतातील बहुतेक मोठ्या शहरांच्या कडा वाढल्या आहेत.

भूमीच्या वापराची विभागणी करणे, म्हणजे निवास, उद्योग, व्यापार, शेती व उद्याने यांची क्षेत्रे आधीच ठरवून देणे, ही कल्पना आपल्याकडे सार्वजनिक आरोग्याच्या निकडीतून रुजली. प्लेगच्या साथीनंतर 1898 मध्ये मुंबईत सुधारणा न्यासाची स्थापना झाली. त्याच सुमारास म्हैसूर संस्थानाने बंगळूरात मल्लेश्वरम् व बसवनगुडी या नव्या वसाहती आखल्या. रुंद रस्ते, मोकळी हवा आणि सांडपाण्याची सोय आधी, घरे त्यानंतर, असा हा क्रम होता. पुढे 1945 मध्ये शहर सुधारणा न्यास मंडळ, 1961 मध्ये नगर व ग्राम नियोजनाचा अधिनियम आणि 1976 मध्ये बंगळूर विकास प्राधिकरण अशी व्यवस्था उभी राहिली. प्राधिकरणाच्या अधिनियमात वसाहतीच्या एकूण क्षेत्रापैकी किमान 15 टक्के जागा उद्याने व क्रीडांगणे यांकरिता आणि शिवाय किमान 10 टक्के जागा नागरी सुविधांकरिता राखून ठेवावी, असे स्पष्ट म्हटले आहे. शाळा, दवाखाना, वाचनालय, समाजमंदिर ही सर्व याच दहा टक्क्यांतून निर्माण व्हावयाची असतात.

के. आर. पुरमची वाढ मात्र या क्रमाने झाली नाही. 1948 मध्ये येथून जवळच इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा कारखाना उभा राहिला व त्याभोवती दूरवाणीनगर वसले. ही कामगार-वसाहत एकाच मालकाची, एकाच आखणीची असल्यामुळे निवास आणि सार्वजनिक सोयी यांचा विचार तेथे एकत्रितपणे होऊ शकला. कुंपणाबाहेरची खेडी मात्र शेतीचीच राहिली. पुढे व्हाइटफील्डकडे माहिती तंत्रज्ञानाचे उद्योग आले, बाह्य वर्तुळमार्ग येथे येऊन मिळाला, 2003 मध्ये रेल्वेमार्गावरील झुलत्या तारांचा पूल वाहतुकीस खुला झाला. 25 मार्च 2023 रोजी येथून व्हाइटफील्डपर्यंत आणि त्याच वर्षी 9 ऑक्टोबर रोजी बैयप्पनहळ्ळीपर्यंत मेट्रो धावू लागली. रस्ता, पूल आणि मेट्रो यांच्यामागोमाग माणसे आली. त्या माणसांना राहण्यास जी जागा मिळाली, ती बहुतांशी नियोजनकारांनी आखलेली नव्हती.

ही जागा कशी निर्माण झाली, हे नीट समजून घेतले पाहिजे. शेतजमिनीचा वापर बदलावयाचा असल्यास महसूल कायद्याप्रमाणे परवानगी घ्यावी लागते आणि त्यानंतर वसाहतीचा आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो. मंजुरी घेतली की रस्ते, उद्यान व सुविधा यांसाठी जमीन सोडणे ओघाने आले; विक्रीयोग्य भूखंड तितके कमी. म्हणून हा टप्पा टाळून शेताचे सरळ तुकडे पाडले गेले. अशा भूखंडास बंगळूरात 'रेव्हेन्यू साइट' म्हणतात. तीस फूट रुंद व चाळीस फूट लांब असा तुकडा मंजूर वसाहतीतील भूखंडापेक्षा स्वस्त पडे आणि कारकून, कामगार, लहान दुकानदार यांना तोच परवडे. त्यांनी पैसे मोजले, नोंदणी केली, घर बांधले, पालिकेचा करही भरला. तथापि मालमत्तेची नोंद मुख्य वहीत न होता दुय्यम वहीत, म्हणजे 'बी खाता'मध्ये, होऊ लागली. यामुळे कर घेतला जाई, पण बांधकामाची अनुमती व बँकेचे कर्ज मिळणे दुष्कर होई. ज्याने कायदा बुडवून नफा मिळविला तो विक्रेता निघून गेला आणि दोषाची शिक्षा खरेदीदाराच्या वाट्यास आली.

महाराष्ट्रातील वाचकांस हा प्रकार अपरिचित नाही. येथे त्याचे नाव गुंठेवारी. महाराष्ट्राने 2001 मध्ये गुंठेवारी विकास नियमित करण्याचा अधिनियम केला व त्या वर्षीच्या 1 जानेवारीपूर्वीची बांधकामे पदरात घेण्याचे ठरविले. वीस वर्षांनी, 2021 मध्ये, हीच मर्यादा 31 डिसेंबर 2020 पर्यंत पुढे न्यावी लागली. कर्नाटकातही 'अक्रम-सक्रम' या नावाने अशीच योजना निघाली. तिला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2017 मध्ये स्थगिती दिली. नियमितीकरणाने कागद शुद्ध होतो. अरुंद रस्ता मात्र रुंद होत नाही आणि न सोडलेले क्रीडांगण पुन्हा निर्माण होत नाही. शिवाय पुढील विक्रेत्यास आश्वासन मिळते की आजची चूक उद्या दंड भरून माफ होईल.

सेवांच्या बाबतीत काळाचे अंतर किती पडते, हे पाण्यावरून दिसते. 2007 मध्ये के. आर. पुरमसह सात नगर परिषदा, केंगेरीची नगरपालिका आणि 110 खेडी जुन्या महानगरपालिकेत विलीन होऊन बृहत् बंगळूर महानगरपालिका अस्तित्वात आली. सुमारे सव्वादोनशे चौरस किलोमीटरचे शहर एकदम सातशे चौरस किलोमीटरहून मोठे झाले. परंतु या 110 खेड्यांसाठी योजलेला कावेरी पाणीपुरवठ्याचा पाचवा टप्पा, दररोज 775 दशलक्ष लिटर क्षमतेचा, 16 ऑक्टोबर 2024 रोजी सुरू झाला. मधल्या सतरा वर्षांत त्या भागांचा निर्वाह मुख्यतः कूपनलिका व टँकर यांवर चालला. 2024 च्या उन्हाळ्यात शहरातील सुमारे चौदा हजार सरकारी कूपनलिकांपैकी जवळजवळ निम्म्या कोरड्या पडल्या, तेव्हा या विलंबाचे मूल्य गृहिणींना व टँकरच्या रांगांना मोजावे लागले.

कूपनलिका आणि तळी यांचा संबंध तुटला, हेही त्याचे एक कारण होय. या प्रदेशात बारमाही नदी नाही. पूर्वजांनी उतारावर एकाखाली एक तळी बांधून, भरलेल्या तळ्याचे जादा पाणी 'राजकालुवे' नावाच्या नाल्यांतून खालच्या तळ्यात सोडण्याची योजना केली होती. के. आर. पुरमचे वेंगय्यनकेरे हे अशाच तळ्यांपैकी एक. 2007 च्या विकास आराखड्याने तळ्याभोवती 30 मीटर आणि नाल्यांच्या दर्जानुसार 50, 25 व 15 मीटर जागा मोकळी ठेवण्यास सांगितले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2016 मध्ये तळ्यांसाठी हे अंतर 75 मीटर केले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये तो आदेश रद्द केला. अंतर किती असावे यावर वाद होऊ शकेल. परंतु नाल्याच्या पात्रातच घर उभे राहिले तर पावसाचे पाणी त्या घरात शिरणार, याबद्दल वाद संभवत नाही.

नियमांची अंमलबजावणी शिथिल असली की तिची परिणती कधी कधी प्राणहानीत होते. 22 ऑक्टोबर 2024 रोजी मुसळधार पावसात होरमाऊ आगरनजीक बाबूसापाळ्य येथे बांधकाम चालू असलेली बहुमजली इमारत कोसळून नऊ जण मृत्युमुखी पडले. बांधकाम अवैध होते, असे शासनाने सांगितले. पुढे दोन महिन्यांच्या आत, 17 डिसेंबर 2024 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात निर्णय दिला की इमारत पूर्ण झाल्याचा अथवा भोगवट्याचा दाखला असल्याखेरीज वीज, पाणी व मलनिःसारण यांची जोडणी देऊ नये. हेतू निःसंशय योग्य होता. परंतु ज्या शहरात असंख्य घरे दाखल्याविना उभी आहेत, तेथे त्याचा पहिला आघात लहान घरमालकावर व भाडेकरूवर झाला. 2025 मध्ये कर्नाटक शासनाने बाराशे चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरील लहान घरांना या दाखल्यातून सूट देण्याचा निर्णय घेतला. एका बाजूस सुरक्षितता आणि दुसऱ्या बाजूस प्रकाश व पाणी, अशी निवड नागरिकापुढे ठेवावी लागणे, हेच नियोजनाच्या अपयशाचे लक्षण आहे.

मग उपाय कोणता? पहिला उपाय म्हणजे राखीव जागा राखणे. 1991 मध्ये बंगळूर मेडिकल ट्रस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उद्यानाची जागा खासगी रुग्णालयास देणे अवैध ठरविले, आणि अशी जागा वाचविण्यासाठी न्यायालयात जाण्याचा परिसरातील रहिवाशांचा अधिकार मान्य केला. तो अधिकार वापरावयाचा तर आपल्या प्रभागात कोणता भूखंड कशासाठी राखला आहे, हे रहिवाशांस सहज कळले पाहिजे. नकाशा कन्नडसह लोकांच्या भाषांत प्रभाग कार्यालयात लावलेला असला पाहिजे. दुसरा उपाय म्हणजे क्रम पालटणे. शेतजमिनीवर लोकसंख्या येणार हे मेट्रोच्या आखणीच्या वेळीच ठाऊक असते; मग जलवाहिनी, नाला आणि शाळेची जागा त्याच वेळी निश्चित का होऊ नये? तिसरा उपाय उत्तरदायित्वाचा आहे. रस्ता एका संस्थेचा, पाणी दुसरीचे, आराखडा तिसरीचा, अशा विभागणीत नागरिकाने जाब कोणास विचारावा?

74 व्या घटनादुरुस्तीने नगर नियोजन आणि भूमिवापराचे नियमन हे विषय बाराव्या अनुसूचीत घालून नगरपालिकांकडे सोपविण्याची दिशा दाखविली. ती दिशा 1993 पासून खुली आहे. असे असूनही बंगळूरच्या महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत सप्टेंबर 2020 मध्ये संपल्यानंतर, ती संस्था विसर्जित होईपर्यंत पाच वर्षे निवडणूक झाली नाही. 2031 साठीचा आराखडा 2017 मध्ये प्रसिद्ध होऊन 2020 मध्ये मागे घेण्यात आला. सप्टेंबर 2025 मध्ये एका महानगरपालिकेच्या जागी पाच महानगरपालिका आल्या व के. आर. पुरमचा समावेश पूर्व महानगरपालिकेत झाला. सर्वांवर बृहत् बंगळूर प्राधिकरण असून नियोजनाचे काम त्याच्याकडे आहे. कार्यालय जवळ आले, ही इष्ट गोष्ट होय. परंतु के. आर. पुरमच्या रहिवाशाने या रचनेची परीक्षा साध्या प्रश्नांनी करावी : नळाला पाणी किती दिवसांनी येते, मुलांना खेळावयास जागा कोठे आहे, पावसाचे पाणी कोणत्या वाटेने जाते, आणि याविषयी निर्णय घेणाऱ्यास त्याने मत दिले आहे काय. या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळू लागली म्हणजेच ते गाव खऱ्या अर्थाने नगर झाले, असे म्हणता येईल.