झाकणांचा छंद
(शिक्षक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विस्तार अधिकारी शाळेत आला की हजेरीपट व पाठटाचण मागतो. तो स्वयंपाकघरातील सांडलवंडीविषयी बोलू लागला म्हणजे आपणांस नवल वाटणारच. परंतु पहिलीच्या वर्गात आपण जे शिकवितो त्याचा आरंभ कोठे होतो, हे मला गेल्या दिवाळीच्या सुटीत एका परातीपाशी बसून पाहावयास मिळाले.

पुण्यास कसबा पेठेत माझी बहीण राहते. तांबट आळी घरापासून जवळच आहे. या धंद्यात आता पूर्वीइतकी घरे राहिलेली नाहीत. तरी तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम करणाऱ्या हातोड्यांचा आवाज कानी येतो. बहिणीचा नातू सव्वादोन वर्षांचा आहे. आळीत ठोके पडू लागले की हा पळी घेऊन परातीवर ठोके देऊ लागे. तीच पळी त्यास जेवताना हवी, अंगणात हवी, निजताना उशाशी हवी; दुसरी दिली की आकांत. एके सकाळी त्याने मिसळणाचा डबा पालथा करून हळद, मोहरी व जिरे कणकेत कालविले आणि पिवळे पंजे फडताळावर उमटविले. सूनबाईंचा धीर सुटला, धपाटा बसला, आणि मायलेक दोघेही रडू लागली. आम्ही वडीलधारी मंडळी तोंड फिरवून हसत होतो, हे कबूल करतो. आमचे हसणे सोपे होते. कणीक पुन्हा आम्हांस मळावयाची नव्हती.

पण त्याचा खरा छंद झाकणांचा. लहान झाकण मोठ्या पातेल्यात पडले की तो वाकून आत पाही, ते काढी आणि पुन्हा तेच टाकी. सात-आठ वेळा असे झाल्यावर त्याने ते एका गडव्यावर ठेवून पाहिले. तेथे ते नीट बसले. तो हसला नाही, त्याने कोणाकडे पाहिले नाही. लागलीच दुसरे झाकण उचलले. दुपारी आजोबांच्या वहाणांवर झाकणे आली, आणि सायंकाळी देवघरातील बाळकृष्णावर वाटी पालथी पडली. बहीण एवढेच म्हणाली, "थंडी पडली आहे, असू दे."

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी स्वतःच्या तीन अपत्यांचे असेच बारकाईने निरीक्षण केले होते. मूल वस्तू पुनःपुन्हा टाकते, भरते, ओतते, तेव्हा ते त्या वस्तूचे गुण अजमावीत असते, असे त्यांनी दाखविले. रुंद पेल्यातील पाणी उंच व अरुंद पेल्यात ओतले की पाच वर्षांचे मूल बहुधा पाणी वाढले असेच सांगते. हा त्यांचा प्रयोग आपण अध्यापक विद्यालयात पाठ केला आणि परीक्षेत उतरविला. मापनाच्या पाठाला मी पुष्कळ वर्गांत बसलो आहे. फळ्यावरील लिटर पाहून मुले माना डोलावतात. हातात मापे दिली की भांडू लागतात. मला ते भांडण अधिक मोलाचे वाटते.

माझ्या नोकरीच्या आरंभीची एक गोष्ट सांगतो. एका लहान गावी मी शिक्षक होतो. तिसरीतील एक मुलगी धाकट्या भावास कडेवर घेऊन शाळेत येई. आईबाप मजुरीस जात. तो पोर खडूंचा चुरा करी, माठातील पाणी पेल्यापेल्याने जमिनीवर ओती. एक दिवस मी तिला म्हणालो, "उद्यापासून याला घरी ठेवून ये." त्यास घरी ठेवावयाचे म्हणजे घरी कोणीतरी राहावयाचे, हे मला कळावयास हवे होते. ती पुन्हा आली नाही. पटावरून नाव कमी करताना शेऱ्याच्या रकान्यात मी "सतत गैरहजर" असे लिहिले.

हा प्रश्न ताराबाई मोडक यांनी माझ्या कितीतरी आधी ओळखला होता. 1926 साली गिजुभाई बधेका यांच्यासह नूतन बालशिक्षण संघ स्थापन करणाऱ्या ताराबाईंनी 1945 साली बोर्डी येथे काम सुरू केले, व पुढे अनुताई वाघ यांच्यासह त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र होती. आदिवासी मुलगी भावंडास घेऊन आली तर भावंड पाळणाघरात राही व ती वर्गात बसे. विकतची महाग साधने खेड्यास परवडणारी नव्हती, म्हणून बिया, खडे, पाने हीच साधने झाली.

आपल्या गावी अंगणवाडी असेल तर तीन वर्षांवरील मूल तेथे जाईल. त्याहून लहान भावंड वर्गाच्या दाराशी आले तर ओसरीचा एक कोपरा त्यास द्या. एक परात, थोडी वाळू, करवंट्या, दोन वाट्या व लहानमोठी झाकणे इतके पुरे. मात्र हरभरे, शेंगदाणे, चिंचोके तेथे नकोत. श्वासनलिकेत अडकले तर जिवावर बेतते. पाण्याची भरलेली बादली जवळ नको, आणि पोषण आहार शिजतो ती जागा दूर असावी. मुलावर कोणा मोठ्याची नजर हवीच. पालकसभेत आयांनाही सांगा, की गरम आमटी, चुना, रॉकेल व मिसळणाचा डबा उंचावर ठेवा आणि फडताळाचा खालचा एक खण मुलाचा समजा.

माझ्या बहिणीने तसा खण दिला आहे. परवा तिने दूरध्वनीवर सांगितले, की दुधाच्या पातेल्याचे झाकण चार दिवस सापडत नव्हते. दिवाळीत मी तेथे विसरून आलेली माझी टोपी आहे. ते तिच्यावर नीट बसविलेले निघाले.