उतारवयातील एकाकीपण आणि मायावी मैत्री
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



या मंगल प्रसंगी फसवणुकीचा विषय काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु सोलापुरातील अनेक घरांतील मुले पुण्या-बंगळूरला स्थायिक झाली आहेत आणि मोठ्या घरात एखादे आजोबा किंवा आजी मोबाइलच्या सोबतीने दिवस कंठीत आहेत. अशा गावात हा विषय उंबरठ्यापाशी येऊन ठेपला आहे.

मुंबईतील एक घटना २०२५ साली वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. ऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांची एप्रिल २०२३ मध्ये फेसबुकवर एका स्त्रीशी ओळख झाली. संभाषण व्हॉट्सॲपवर गेले, मुलांच्या आजारपणाचे निमित्त निघाले, पैसे जाऊ लागले. मग दुसरी आली, तिसरी आली, चौथी आली. पहिली मरण पावल्याचे सांगून तिच्या रुग्णालयाचे बिलदेखील मागण्यात आले! जानेवारी २०२५ पर्यंत ७३४ व्यवहारांतून सुमारे ८ कोटी ७० लाख रुपये गेले. अखेर त्यांनी मुलाकडे पाच लाख मागितले, तेव्हा प्रकार उघडकीस आला. या चौघी म्हणजे एकच व्यक्ती असावी, असा पोलिसांना संशय होता.

रकमेपेक्षा मला ७३४ हा आकडा अस्वस्थ करतो. सरासरी रोज एकाहून अधिक व्यवहार आणि कुटुंबात कुणाला पत्ता नाही! ही मायावी मैत्री गुप्ततेवरच जगते. 'घरच्यांना सांगू नका, त्यांना आपले नाते कळणार नाही,' हे वाक्य आले की समजावे, पैशाची मागणी दूर नाही.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये कूटलेखक्रियेची गणना आहे. कूटलेख म्हणजे खोटा दस्तऐवज. परदेशस्थ डॉक्टर किंवा लष्करी अधिकारी म्हणविणारा मित्र भेटवस्तू पाठवितो. मग विमानतळावरून 'कस्टम अधिकारी' दूरध्वनी करतो आणि शुल्काची शिक्का मारलेली पावती मोबाइलवर धाडतो. तोच आजचा कूटलेख. सीमाशुल्क विभाग कुणाच्या खासगी खात्यात पैसे भरावयास सांगत नाही.

आपल्या पूर्वजांच्या पेढ्यांवर शाहाजोग हुंडी असे. तिचे पैसे प्रतिष्ठित, माहितीतल्या व्यापाऱ्यालाच मिळत. हेतू हा की, पुढे वाद उद्भवल्यास पैसा कुणाकडे गेला ते सापडावे. गंमत अशी की, आज 'शहाजोग' म्हणजे सभ्यतेचा आव आणणारा! पैसे पाठविण्यापूर्वी निदान घरातील एका माणसाला ते खाते दाखवावे, एवढी जुनी शिस्त पुरे आहे.

मात्र दाखवायचे कुणाला? येथे दोष तरुणांकडेही येतो. 'या वयात हे काय सुचले?' या एका वाक्याने वडिलांचे तोंड कायमचे बंद होते आणि ठकाचे काम सोपे होते. मोबाइल काढून घेणे हाही उपाय नव्हे. त्याने एकाकीपण वाढते. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन आणि स्थितीकरण ही दोन आहेत. दुसऱ्याच्या चुकीचा डांगोरा न पिटणे आणि ढळणाऱ्याला सावरून धरणे. ही अंगे प्रवचनापुरती नाहीत. फसलेल्या विधुर काकांशी बोलताना ती लागतात.

फसवणूक लक्षात येताच १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि बँकेला सूचना द्यावी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी गोठविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. संदेश पुसू नयेत, तोच पुरावा. काही दिवसांनी 'तुमचे पैसे परत मिळवून देतो' म्हणणारा फोन येतो, तो बहुधा त्याच टोळीचा असतो.

विश्वस्तांना एक विनंती. स्वाध्यायानंतर आठवड्यातून एक तास मंदिराच्या कार्यालयात दोन समंजस कार्यकर्ते बसावेत. ज्येष्ठांनी मोबाइल घेऊन यावे, शंका विचाराव्यात. नाव नोंदविण्याची वही ठेवू नये आणि तेथे ऐकलेले दाराबाहेर जाऊ नये. जय जिनेंद्र.