गोठ्यातील रोग आणि घरातील ताप

(इंदापूर तालुक्यातील दूध उत्पादक व शेतमजुरांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



बारामती-इंदापूरच्या या पट्ट्यात ऊस आणि दूध यांवर संसार चालतो. संकरित गाय दारी आली, दुधाचा पगार सुरू झाला. परंतु गायीबरोबर गोठ्यात कोणता रोग येतो, याचा हिशेब आपण मांडला नाही.

सहाव्या-सातव्या महिन्यात गाय गाभडते, वार अडकते आणि आपण दैवाला बोल लावतो. यामागे ब्रुसेला नावाचा जिवाणू असू शकतो. १८८७ मध्ये माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस यांनी तो शोधला. शेळीच्या कच्च्या दुधातून तो माणसांत येतो, हे १९०५ मध्ये उमगले. आपल्याकडे मात्र पडलेला गर्भ आजही उघड्या हातांनी उचलला जातो. कोण उचलते? घरची सून, नाहीतर सालगडी. पुढे त्यांना येऊनजाऊन ताप येतो, रात्री घाम फुटतो, कंबर व सांधे धरतात. हिवताप किंवा विषमज्वर समजून औषधे चालतात. ‘गोठ्यात गाय गाभडली होती’ एवढे एक वाक्य डॉक्टरांना सांगितले, तरी निदानाची दिशा बदलते. उपचार आहे, पण तो सहसा सहा आठवडे चालतो. तेवढे दिवस मजुरी बुडाली, तर चूल कशी पेटायची?

२०२२ मध्ये लम्पीच्या साथीत लोक दुधाला भ्याले. लम्पी माणसाला होत नाही. जो रोग होतो, त्याविषयी मात्र आपण मूकच राहिलो!

चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला एकदाच लस टोचावी. २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तिचा समावेश आहे. वार उचलताना हातमोजे घालावेत, ती चुना टाकून खोल पुरावी, दूध उकळूनच प्यावे.

परंतु सारा भार व्यक्तीवर टाकून भागणार नाही. २०१५ च्या कायद्यानंतर गोवंशाची कत्तल करता येत नाही. मग बाधित गाय बाजारात विकली जाते आणि रोग दुसऱ्याच्या दावणीला बांधला जातो. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. भरपाई हाती पडेल तरच तो खरे बोलू शकेल.

म्हणून आपली मागणी अशी : संकलन केंद्रावर फॅट तपासता, तशी ठरावीक मुदतीने या रोगाचीही चाचणी करा. पशुवैद्यकाला गोठ्यात रोग आढळला, तर आरोग्य केंद्राने त्या घरातील माणसे व मजूर तपासावेत. दुधाचा नफा सर्वांचा म्हणता, तर त्यातला धोकाही एकट्या शेण काढणारीच्या वाट्याला येता कामा नये.