डॅटसन २४०झेड : एका गाडीची कालनिश्चिती

वस्तूवर कोरलेली किंवा तिच्या कागदावर लिहिलेली तारीख ही त्या वस्तूच्या घडणीचीच असते असे गृहीत धरण्यातून कालनिश्चितीतील बहुतेक चुका जन्माला येतात. नाशिककरांना याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षाचा, गौतमी बलश्रीच्या दानाचा लेख आहे. त्यातून दान केव्हा झाले हे समजते, परंतु कातळाला पहिली छिन्नी केव्हा लागली हे समजत नाही, आणि राज्यवर्ष म्हणजे राज्यारोहणापासून मोजलेले वर्ष असल्यामुळे, ते आरोहण इसवी सनाच्या कोणत्या वर्षी झाले यावर विद्वानांचे एकमत होईपर्यंत तो एकोणीसचा आकडाही अधांतरीच राहतो. लेणे दोन हजार वर्षांच्या घरातले आणि मोटारगाडी पन्नास-पंचावन्न वर्षांची, तरी दोहोंपुढचा प्रश्न एकच आहे.

निस्सान कंपनीची जी गाडी जपानमध्ये ‘फेअरलेडी झेड’ आणि परदेशांत ‘डॅटसन २४०झेड’ या नावाने १९६९च्या अखेरीस आली, ती या प्रश्नाच्या अभ्यासाला फार सोयीची आहे. परदेशी गाडीचे इंजिन सहा सिलिंडरचे, २३९३ घनसेंटिमीटर क्षमतेचे होते. तिच्या चासी क्रमांकातील ‘एस३०’ हा मूळ सांगाड्याचा संकेत असून त्याआधीचे ‘एचएल’ हे डाव्या हाताच्या स्टिअरिंगच्या आणि नुसते ‘एच’ हे उजव्या हाताच्या गाडीला लागत असे. त्यापुढचा आकडा केवळ अनुक्रम सांगतो. सतरा अक्षरांच्या आजच्या क्रमांकात वर्षासाठी जसे स्वतंत्र अक्षर बहुधा राखलेले असते, तसे येथे काहीच नाही. शिवाय क्रमांक पत्र्यावर ठोकला जाणे आणि गाडी कारखान्याबाहेर पडणे या दोन वेगळ्या घटना असल्यामुळे, लगतच्या क्रमांकांच्या दोन गाड्या त्याच क्रमाने पूर्ण झाल्या असतील असेही मानता येत नाही.

कागदपत्रांचा घोटाळा याहून मोठा आहे. १९७०च्या शरदात तयार झालेली गाडी अमेरिकेत पुढील वर्षाची म्हणून विकली आणि नोंदवली जाणे ही नित्याची बाब होती. जपानी नोंदपत्रात पहिल्या नोंदणीचा महिना आणि वर्ष असते, परंतु जुन्या पत्रांत ते वर्ष शोवा कालगणनेतील, म्हणजे सम्राटाच्या राज्यवर्षाचे असते. त्यात १९२५ मिळवले की इसवी सन निघतो, म्हणून शोवा ४५ म्हणजे १९७०. पुळुमावीच्या आणि शोवाच्या वर्षाची जात एकच आहे. फरक इतकाच की शोवाचा आरंभ निश्चित ठाऊक आहे आणि पुळुमावीचा नाही. मात्र आकडेमोड बिनचूक झाली तरी हाती लागते ती नोंदणी, घडण नव्हे.

म्हणून कागद बाजूला ठेवून गाडीजवळ जावे लागते. अमेरिकेला गेलेल्या गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक लहानशी धातूची पट्टी असते आणि तिच्यावर घडणीचा महिना व वर्ष उमटवलेले असते. पट्टी मूळची असेल, तर इतका थेट पुरावा दुसरा नाही. उजव्या हाताच्या गाड्यांच्या अभ्यासकाला हे भाग्य क्वचितच लाभते, आणि तेथे खरी कसोटी लागते. अशा वेळी मागच्या बाजूच्या खांबाकडे पाहावे. सुरुवातीच्या गाड्यांत तेथे ‘२४०झेड’ अशी अक्षरे आहेत आणि हवा बाहेर जाण्याच्या जाळ्या मागच्या झाकणावर आहेत. १९७१च्या सुमारास जाळ्या खांबावर सरकल्या आणि त्यांवर गोल ‘झेड’ चिन्ह बसले. आसनपट्ट्यांच्या शिवणीजवळच्या कापडी चिठ्ठीवर पट्टा तयार झाल्याचा काळ छापलेला असतो, तो तेलकट मळाखाली बहुधा शाबूत राहतो. काचेच्या कोपऱ्यातील चिन्हातही अनेक उत्पादक काळ सुचवतात, परंतु वर्षासाठी एकच अंक वापरण्याची प्रथा असल्यामुळे ‘०’ हा १९७०चा की १९८०चा हे इतर पुराव्यावरून ठरवावे लागते.

या खुणांतून एक तारीख मिळत नाही, दोन मर्यादा मिळतात. मूळच्या सुट्या भागांपैकी जो सर्वांत उशिराचा, त्याच्या आधी गाडी पूर्ण झालेली असू शकत नाही, ही पूर्वमर्यादा; आणि पहिल्या नोंदणीनंतर ती झालेली असू शकत नाही, ही उत्तरमर्यादा. सारा भार ‘मूळचा’ या एका शब्दावर आहे. बदललेली काच पूर्वमर्यादा खोटी ठरवते, आणि पुन्हा ठोकलेला क्रमांक तर गाडीची ओळखच पुसतो. १९०६मध्ये नाशिकजवळच्या जोगळटेंभीला सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी बहुसंख्य नाणी क्षत्रप नहपानाची असून सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने त्यांवर आपला छाप पुन्हा मारलेला आहे. खालचा छाप पुसट दिसत राहिला म्हणूनच इतिहास वाचता आला. बॉनेटखालच्या पट्टीवरील इंजिन क्रमांक इंजिनाच्या ठोकळ्यावरील क्रमांकाशी जुळतो का, हे पाहणे त्याच वाचनाचा भाग होय.

नोंदीचे वर्ष आणि घडणीचे वर्ष यांतला भेद इतरत्रही दिसतो. देवळालीच्या रस्त्यावर रोज दिसणाऱ्या लष्करी वाहनांच्या पाटीवर बाणाच्या खुणेनंतरचे दोन आकडे खरेदीचे वर्ष सांगतात, घडणीचे नव्हे. २०२१च्या केंद्रीय नियमानेही खासगी वाहनाला ‘व्हिंटेज’ ठरवण्यासाठी लागणारी पन्नास वर्षे पहिल्या नोंदणीपासूनच मोजली आहेत. कायद्याला एक निश्चित कागद हवा असतो, त्यामुळे त्याचा हा निर्णय योग्य आहे. इतिहासाला मात्र तेवढ्यावर थांबता येत नाही, आणि इतिहासाचा पुरावा आरटीओच्या दप्तरात नसून गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीवर असतो. डेंटिंग-पेंटिंगसाठी जुनी गाडी सोपवणाऱ्या प्रत्येक मालकाने रंगाचा पहिला हात बसण्यापूर्वी दाराच्या चौकटीची, बॉनेटखालच्या पट्टीची आणि काचेच्या चारही कोपऱ्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि फाटका आसनपट्टा भंगारात देण्यापूर्वी त्यावरची चिठ्ठी कापून जपावी.