मैदान आणि मन



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, त्यांच्यासमोर विद्यार्थिदशेत मला धड बोलताही येत नसे. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून आज बोलावयास मिळावे, हा मी माझा सन्मान समजतो. सरांनी आम्हांला जे शिकवले, ते मुख्यतः मैदानावर. म्हणून हाच विषय मी निवडला आहे.

आपले लोंढा हे तीन वाटांचे गाव. एक रूळ खानापूरवरून बेळगावला जातो, दुसरा हुबळीकडे, तर तिसरा कॅसलरॉकवरून घाट उतरून गोव्यात. शाळा संपली की आपली मुले यांपैकी एखाद्या गाडीत बसतात. शाळेत असताना मूल पायी येते, मधल्या सुट्टीत हुतूतू खेळते. आपण व्यायाम करीत आहोत, हे त्याच्या गावीही नसते. महाविद्यालयात गेले की चालणे कमी होते, खेळ सुटतो. उरते ते वर्गातले बसणे, गाडीतले बसणे आणि हल्ली हातातल्या पडद्यासमोरचे बसणे.

माझेही असेच झाले. पहिल्या वर्षी शहरात खोली घेऊन राहिलो. दिवाळीपर्यंत झोप उडाली. पुस्तक उघडे असे, पण वाचलेले मनात उतरत नसे. घरच्या पत्रात मात्र ‘सर्व क्षेम’ एवढेच लिहीत असे. सुट्टीत आलो तेव्हा सर स्टेशनवर भेटले. माझा चेहरा पाहून त्यांनी विचारले, “अंगाला शेवटचा घाम कधी आला होता?” मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवसापासून पहाटे ते मला आपल्याबरोबर फिरावयास नेऊ लागले. उपदेशाचा एक शब्दही त्यांनी उच्चारला नाही. सुट्टी संपण्यापूर्वी मला झोप लागू लागली होती.

सरांचा तो प्रश्न शास्त्राला धरून होता, हे मला पुढे कळले. १९९९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी नैराश्याने ग्रस्त अशा १५६ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना औषध, काहींना व्यायाम, तर काहींना दोन्ही दिले होते. १६ आठवड्यांनंतर तिन्ही गटांत सुधारणा जवळजवळ सारखीच आढळली. ही मंडळी पन्नाशीची व त्यापुढची होती; तेव्हा तो निष्कर्ष तरुणांना जसाच्या तसा लावता येणार नाही. तथापि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली, नियमित हालचालीने चिंता व नैराश्य यांची लक्षणे कमी होतात, असे नमूद करून प्रौढांना आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचविला. १५० मिनिटे म्हणजे दिवसाला जेमतेम २२ मिनिटे!

मग अडते कोठे? महाविद्यालयात मैदान असते, परंतु बहुधा ते संघात निवडल्या गेलेल्यांचे असते. बाकीचे कडेला उभे राहून टाळ्या वाजवितात. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात खाशाबा जाधवांची शरीरयष्टी पाहून त्यांना प्रथम स्पर्धेत नाव देऊ दिले नाही. प्राचार्यांकडे दाद मागितल्यावर परवानगी मिळाली, अशी हकीकत सांगतात. त्याच खाशाबांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. परंतु माझी चिंता वेगळी आहे. ज्याला कधीच पदक मिळणार नाही, त्याच्यासाठी कोण दाद मागणार? मैदानाची सर्वाधिक गरज त्यालाच आहे.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. व्यायाम हा सर्व दुःखांवरचा रामबाण उपाय नव्हे. ज्याला अंथरुणातून उठण्याचेही बळ उरलेले नाही, त्याला आळशी म्हणून हिणवू नका; वैद्यकीय साहाय्यापर्यंत त्याचा हात धरून न्या. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत असावा.

माजी विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. सरांच्या स्मरणार्थ वर्षातून एक व्याख्यान आपण करतोच. पण सुट्टीत गावी आलेल्या एखाद्या अबोल मुलाला पहाटे हाक मारून बरोबर फिरावयास नेले, तर ते सरांचे अधिक खरे स्मारक होईल. त्याला प्रश्न विचारण्याची घाई करू नका. चालता चालता तो आपणहून बोलेल. मीही तसाच बोललो होतो.