दोन भाषांचे एक अंगण



घरी वारली, भिली किंवा कोरकू बोलणारे पोर शाळेत येते, पुस्तकी मराठी ऐकते आणि गप्प बसते. आपण म्हणतो, मूल मंद आहे. पण मूल मंद नसते. त्याची भाषा दाराबाहेर राहिलेली असते. याच अडचणीतून दुसऱ्या एका समाजाने कशी वाट काढली, ते आज सांगायचे आहे.

ज्यू लोकांची हिब्रू ही शेकडो वर्षे पोथीची आणि प्रार्थनेची भाषा होती. चुलीपाशी ती नव्हती. आपल्या कोकणातले बेने इस्रायलच पाहा ना. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची प्रार्थना हिब्रूत, पण घरचे बोलणे मराठीत. पूर्व युरोपातले ज्यू घरी यिद्दिश बोलत.

1881 साली एलिएझर बेन-यहुदा हे गृहस्थ जेरुसलेमला जाऊन राहिले. पुढच्याच वर्षी त्यांना मुलगा झाला. त्याच्या कानावर हिब्रूखेरीज शब्द पडू द्यायचा नाही, असा त्यांचा निश्चय. पण त्या भाषेत बोलणारा खेळगडीच पोराला मिळेना! पुढे 1898 मध्ये रिशोन लेझियोन या गावी हिब्रू बालवाडी निघाली. अशा बालवाड्यांतून मुलांनी शब्द घरी नेले आणि आईबापांना शिकवले. पोथीतली भाषा अंगणात आली. मात्र त्या भरात यिद्दिश बोलणाऱ्या आजीची भाषा हलकी ठरली. नातवंड आजीशी बोलायला लाजू लागले, तर घराचे केवढे नुकसान होते, हे तुम्ही जाणताच.

दोन्ही भाषा राखता येतील काय? इथे मारिया मॉन्टेसरी यांची पद्धत उपयोगी पडते. 6 जानेवारी 1907 रोजी रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. 1939 साली त्या भारतात आल्या आणि युद्धामुळे 1946 पर्यंत इथेच राहिल्या. त्यांचे सांगणे असे, की लहान मूल भाषा पाठ करीत नाही. भोवतालची भाषा ते शोषून घेते. मात्र ती भाषा खऱ्या माणसाच्या तोंडून आणि खऱ्या कामातून यायला हवी.

अमेरिकेतील काही ज्यू मॉन्टेसरी शाळा याच तत्त्वावर चालतात. वर्गात दोन बाई असतात. एक इंग्रजीत बोलतात, दुसऱ्या हिब्रूत. ‘याला त्या भाषेत काय म्हणतात’ असे घोकणे नाही. ह्या बाईंशी ही भाषा, त्या बाईंशी ती, एवढे मुलाला पुरते.

शुक्रवारी तिथे गंमत असते, बरं का. सूर्यास्ताला शब्बाथ सुरू होतो, म्हणून मुले आधीच तयारी करतात. कणीक मळायची, तिच्या लांब वळ्या करून वेणी घालायची आणि पाव भाजायचा. मेणबत्तीची घरे घासायची. टेबलावर कापड अंथरायचे. हात कामात असताना कानावर हिब्रू पडते. ‘पीठ’ हा शब्द पिठातच शिकला जातो.

अक्षरांची युक्तीही ऐकण्यासारखी आहे. खरखरीत कागदाची अक्षरे पाटीवर चिकटवलेली असतात. मूल त्यांवरून दोन बोटे फिरवते आणि उच्चार करते. हिब्रूची बावीस अक्षरे उजवीकडून डावीकडे लिहितात, इंग्रजी डावीकडून उजवीकडे. म्हणून प्रत्येक अक्षर त्याच्या दिशेने गिरवायचे. बोटाला वळण लागले, की डोळा गोंधळत नाही. आपल्याकडेही ‘कि’मधली वेलांटी आधी लिहितो आणि उच्चारतो मागून. तिथे मुले अडखळतात, तेव्हा रागावण्याआधी बोट फिरवू द्या.

तुम्ही म्हणाल, एवढी साधने आम्ही कोठून आणावी? त्याचे उत्तर ताराबाई मोडकांनी 1945 सालीच बोर्डीला दिले आहे. खेड्यात बालशिक्षण नेताना महागड्या साधनांच्या जागी त्यांनी परिसरातल्याच वस्तू घेतल्या. अक्षरासाठी पुठ्ठा, खळ आणि बारीक वाळू पुरेल.

राहिली दुसऱ्या भाषेची बाई. ती गावातच आहे. वर्गातली मदतनीस किंवा एखाद्या मुलाची आजी रोज तासभर बसू दे. तिने तांदूळ निवडावे, दोरी वळावी आणि मुलांशी आपल्याच भाषेत बोलावे. शिक्षकांनी त्या तासाला तिचे बोलणे सुधारू नये. उलट चार शब्द शिकून घ्यावे. गुरुजी आपल्या आजीला शब्द विचारतात, हे मुलाने एकदा पाहिले, की ते स्वतःहून बोलू लागेल. प्रथम घरच्या भाषेत आणि मग मराठीतही.

उद्या वर्गात गेलात, की जे मूल सर्वांत गप्प असते, त्याच्यापुढे एक वस्तू ठेवा आणि विचारा, ‘तुझ्या घरी याला काय म्हणतात रे?’ तेवढ्यापासून सुरुवात करू या.